पाण्यासाठी राखलेले रान : मुंबई परिसरातील वनक्षेत्राचा इतिहास आणि मराठवाडा

प्रास्ताविक

एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या मुंबई महानगराला लागून, किंबहुना त्याच्या पोटातच, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात बिबटे मुक्तपणे वावरतात, चितळ-सांबर आहेत, पावसाळ्यात धबधबे आहेत. जगातील फार थोड्या महानगरांच्या वाट्याला असे रान आले आहे. हे रान टिकले कसे, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे दिले जाते की, ब्रिटिशांनी वनखाते स्थापन केले, स्वातंत्र्यानंतर वन्यजीव संरक्षणाचे कायदे झाले आणि पुढे पर्यावरणाविषयी जागृती आली. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वनखात्याचे संरक्षण लाभलेली ठाणे जिल्ह्यातील कितीतरी राने मुंबईच्या लाकूड-कोळशाच्या मागणीपुढे विरळ झाली. मग बोरिवलीचेच रान का उरले? प्रस्तुत निबंधात असे मांडावयाचे आहे की, ते प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यासाठी राखले गेले. वन्यजीव हे त्या राखणीचे अनपेक्षित फलित होय. आणि त्या राखणीची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नोंद इतिहासाने फारशी ठेवलेली नाही.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकाने मुंबईच्या रानाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्यापूर्वीच्या महिन्यात पाणवठ्यांवर जमावबंदी लागू करण्याची वेळ आली होती. हा प्रसंग अभूतपूर्व म्हणून गणला गेला. परंतु रेल्वेने पाणी आणण्याची पाळी एकेकाळी खुद्द मुंबईवरही आली होती, आणि त्या टंचाईतूनच मुंबईचे रान जन्माला आले, हे लक्षात घेतले म्हणजे हा विषय आपल्यापासून दूरचा राहत नाही.

कान्हेरीच्या पोढ्या

या डोंगराचा पाण्याशी असलेला संबंध फार जुना आहे. उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरीची लेणी आहेत. ‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’ या शब्दावरून आले. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहात विहारांजवळ खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आढळतात आणि डोंगरउतारावरून पावसाचे पाणी त्यांत आणणाऱ्या पन्हळीही दिसतात. वर्षातील चार महिने कोसळणारा आणि आठ महिने दडी मारणारा पाऊस साठवून ठेवण्याची ही व्यवस्था होती.

येथील एका पोढीवरील शिलालेख मराठवाड्याच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी ही कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची कन्या असल्याचा उल्लेख त्यात आहे. आणि अमात्य सतेरक याने दिलेल्या पाण्याच्या पोढीच्या दानाची ती नोंद आहे. सातवाहन-क्षत्रप संबंधांचा पुरावा म्हणून इतिहासकारांनी हा लेख वारंवार वापरला. पण लेख मुळात पाण्याविषयीचा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रतिष्ठानच्या म्हणजे आजच्या पैठणच्या राजवंशाशी निगडित असे हे दान साष्टीच्या डोंगरात पाण्यासाठी दिले गेले. पैठणला पुढे पुन्हा यावयाचे आहे, म्हणून त्याची येथे खूण करून ठेवतो.

विहार, तुळशी आणि पवई

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई शहर विहिरी आणि तलाव यांवर जगत होते. लोकसंख्या वाढत गेली, विहिरी आटू लागल्या आणि तलावांचे पाणी दूषित झाले. १८५०च्या दशकाच्या मध्यास टंचाई इतकी तीव्र झाली की शहरातील गुरे माहीमकडे हलवावी लागली आणि नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेने तसेच होड्यांनी पिपांतून पाणी आणून बोरीबंदर, चिंचबंदर, डोंगरी या भागांत पुरवावे लागले. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली होती. म्हणजे भारतातील या पहिल्या प्रवासी लोहमार्गाने अगदी आरंभीच्या काळातच तहानलेल्या शहराला पाणी पुरविण्याचे काम केले.

यावरील उपाय म्हणून साष्टी बेटावरील मिठी नदीच्या खोऱ्यात विहार येथे धरण बांधण्याची योजना पुढे आली. अभियंता हेन्री कॉनिबेअर याच्या आराखड्यानुसार काम होऊन १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने मुंबईत आले. नळाच्या पाण्याचे शहरात सर्वत्र स्वागतच झाले असे नाही. धार्मिक शुद्धाशुद्धतेच्या शंका निघाल्या, विहिरींवर उदरनिर्वाह असणाऱ्यांचा विरोध झाला. तथापि काही वर्षांतच ते पाणीही अपुरे पडू लागले आणि १८७९ मध्ये तुळशीचा तलाव पूर्ण झाला. पुढे १८९०-९१ च्या सुमारास पवई तलावाची भर पडली.

येथे एक तांत्रिक बाब निर्णायक ठरली. आरंभीच्या काळात विहारचे पाणी गाळण्याची व्यवस्था नव्हती. तलावात जे येईल तेच नळाने घराघरात जाणार होते. त्यामुळे पाणलोट क्षेत्र निर्मळ राखणे हाच शुद्धीकरणाचा मार्ग उरला. तलावाभोवतीची जमीन ताब्यात घेऊन तेथे वस्ती, शेती, गुरे यांना आडकाठी करण्यात आली. डोंगरउतारावर झाडी असेल तर माती वाहून येत नाही आणि पाणी झिरपून सावकाश येते, हे व्यवहारज्ञानही त्यामागे होते. रानातील प्राण्यांचे रक्षण करण्याचा विचार त्या निर्णयात कोठेही नव्हता. तो नगरपालिकेच्या जलखात्याचा निर्णय होता.

पवईचा दाखला या संदर्भात बोलका आहे. त्याच डोंगररांगेत, त्याच पर्जन्यमानात, विहारच्या शेजारीच हा तलाव झाला. परंतु त्याच्या पाण्याची प्रत पिण्यास योग्य न ठरल्याने तो पिण्याच्या पाणीपुरवठ्यातून बाद झाला. पिण्याचे पाणी नाही, म्हणून पाणलोटाची राखणही नाही. विसाव्या शतकात पवईच्या काठाने शिक्षणसंस्था, उद्योग आणि उंच इमारती आल्या, तलावात गाळ आणि सांडपाणी साचत गेले, जलपर्णी माजली. तेथे आजही मगरी आहेत, हे खरे. पण तुळशी-विहारभोवती जे सलग रान आहे ते पवईभोवती नाही. तीन तलावांपैकी दोन नळाला जोडलेले राहिले आणि त्या दोहोंभोवतीच रान उरले. इतिहासात प्रयोगशाळेसारखी तुलना क्वचितच हाती लागते. ही त्यांपैकी एक मानता येईल.

पुढे मुंबईची तहान साष्टीच्या बाहेर पडली, तेव्हाही हाच क्रम चालला. ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईत आले. त्याच्या पाणलोटातील जंगल नंतर तानसा अभयारण्य झाले. नष्ट झाला असे दीर्घकाळ मानला गेलेला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये शहादा परिसरात पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तो तानसाच्या रानातही दिसला. परंतु याच तानसा-भातसा-वैतरणेच्या शहापूर तालुक्यातील कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागते. तलाव दारात आणि हंडा डोक्यावर, अशी ही अवस्था आहे.

वनकायदा, शिकार आणि निसर्गाभ्यास

जलखात्याने पाणलोट राखला त्याच सुमारास वनखात्याने उरलेल्या डोंगरावर हक्क प्रस्थापित केला. १८७८च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित वने आखली गेली. वारली, ठाकूर, महादेव कोळी, काथोडी यांचे राब, लाकूडफाटा, चराई हे सर्व परंपरागत व्यवहार परवान्याच्या किंवा गुन्ह्याच्या कक्षेत आले. राब म्हणजे पालापाचोळा व फांद्या जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे. कोकणातील भातशेतीचा तो कणा होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. आयोगापुढील तक्रारींत लाकूड आहे, पालापाचोळा आहे, गुरे आहेत. वन्यप्राणी मात्र जवळजवळ नाहीत. वनखात्याच्या लेखीही रान म्हणजे इमारती लाकूड आणि महसूल हेच होते.

प्राण्यांचे काय झाले? १८२२ मध्ये मलबार हिलवर वाघ आल्याची आणि गवालिया तलावावर पाणी पिऊन गेल्याची नोंद मुंबईच्या गॅझेटियरमध्ये आढळते. शतकभरानंतर, १९२९ मध्ये विहार परिसरात मारला गेलेला वाघ हा या भागातील अखेरचा मानला जातो. म्हणजे पाणलोटाने रान राखले, पण वाघ राखला नाही. शिकारीला बंदी नव्हती आणि वाघाला लागणारे विस्तीर्ण सलग क्षेत्र साष्टी बेटावर उरले नव्हते. थोड्या क्षेत्रात निभावून नेणारा, कुत्र्या-डुकरांवरही जगणारा बिबट्या मात्र तगला.

शिकारीच्या या वातावरणातच निसर्गाभ्यासाची एक महत्त्वाची संस्था उभी राहिली. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात ही नावे समाजसुधारणेच्या प्रकरणात येतात, आणि त्यांचे हे दुसरे कार्य बहुधा तळटीपेतही येत नाही. डॉ. सलीम अली यांचा पक्षिशास्त्रातील प्रवास याच संस्थेतून सुरू झाला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा केला, त्यामागे संस्थेचे हुमायून अब्दुलअली यांचा पुढाकार होता. १९७२च्या केंद्रीय कायद्याच्या दोन दशके आधीची ही गोष्ट आहे.

राष्ट्रीय उद्यान : कोणाचे अतिक्रमण?

मुंबई राज्याच्या १९५० च्या राष्ट्रीय उद्यान अधिनियमाच्या काळात कृष्णगिरी उपवन हे अवघे सुमारे २० चौरस किलोमीटरचे होते. त्याचा खरा विस्तार १९६९ नंतर झाला आणि तो तुळशी-विहारच्या पाणलोटासह लगतच्या वनजमिनी जोडून झाला. पुढे बोरिवली राष्ट्रीय उद्यान व १९८०च्या दशकाच्या आरंभी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी नावे बदलत गेली. नकाशा पाहिला असता असे दिसून येते की, उद्यानाचा गाभा म्हणजे जुन्या जलखात्याने राखलेली जमीन होय. दहिसर नदी येथेच उगम पावते, मिठीचा उगमही विहार-पवईच्या सांडव्यांत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा याच मिठीने शहराला वेढले.

उद्यानाच्या दक्षिणेस असलेल्या आरे दुग्ध वसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले. शहरातील गोठे बाहेर नेण्यासाठी दिलेली ही जमीन पुढे चित्रनगरीपासून मेट्रोच्या कारशेडपर्यंत अनेक प्रयोजनांसाठी तुकड्या-तुकड्यांनी दिली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून झालेल्या वृक्षतोडीने हा प्रश्न देशभर पोहोचला. २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय झाला. आरे दुधासाठी होते, पाण्यासाठी नव्हते. प्रयोजन संपताच जमीन मोकळी समजली गेली, हे येथे नमूद करावेसे वाटते.

‘अतिक्रमण’ हा शब्द मात्र इतिहासकाराने जपून वापरावा. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असणाऱ्यांना पुनर्वसन, इतरांना काही नाही, असा निकष लागला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांत दुष्काळाने गाव सोडलेले, दगडखाणींत आणि बांधकामांवर राबणारे मजूर होते. मराठवाड्यातून मुंबईला गेलेल्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे चित्र अपरिचित नाही. आदिवासी पाड्यांचा प्रश्न याहून वेगळा. उद्यानाची सीमा त्यांच्या पाड्यांभोवती नंतर आली, तरीही पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना आपले तेथील असणे कागदाने सिद्ध करावे लागले. २००६च्या वनहक्क कायद्याने त्यास आधार मिळाला, पण दाव्यांचा मार्ग संथ राहिला. विजेच्या दिव्यांनी झगमगणाऱ्या शहराच्या मध्यभागी असूनही अनेक पाड्यांना वीज आणि नळ यांची दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

दुसरीकडे, खासगी वनांचा वाद पाहावा. १९७५च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याखाली मुलुंड-विक्रोळी परिसरातील जमिनी वन ठरल्याचा शासनाचा दावा होता आणि त्यांवर मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये, पूर्वीच्या नोटिसा रीतसर बजावल्या गेल्या नव्हत्या या मुद्द्यावर, जमीनमालक व रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निवाडे स्वतंत्र आहेत, त्यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही. तरीही कागद कोणाच्या कामी आला आणि कोणाच्या नाही, हे दोन्ही एकत्र वाचल्यावर दिसते.

बिबट्या

२००२ ते २००४ या काळात, विशेषतः जून २००४ मध्ये, उद्यानाच्या सीमेवर बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. बिबट्यांची संख्या वाढली, त्यांना पकडून दूर सोडा, अशी मागणी झाली. विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासाने मात्र वेगळी बाब पुढे आणली : एका ठिकाणचे बिबटे पकडून अनोळखी रानात सोडले की हल्ले कमी न होता वाढतात. बोरिवलीच्या उद्यानातही अन्यत्र पकडलेले बिबटे सोडले गेले होते. ही पद्धत आवरती घेतल्यावर आणि कचरा, भटकी कुत्री, रात्रीचा उजेड याकडे लक्ष दिल्यावर परिस्थिती निवळली. ती कायमची निवळली असे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये आरेत पुन्हा हल्ले झाले. २०१५ मधील स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या गणनेत ३५ बिबटे आढळले. क्षेत्राच्या मानाने ही घनता फार मोठी आहे. वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा आजही होते, आणि बिबट्यासह राहावयाचे कसे याविषयी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना जे ठाऊक होते ते शहराला अभ्यासक नेमून शिकावे लागले.

खाडीतील रोहित

रानाची ही कथा गोड्या पाण्याची, तर ठाणे खाडीची कथा सांडपाण्याची. १९९०च्या दशकापासून शिवडीच्या चिखलभूमीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो हजारोंच्या संख्येने येऊ लागले. शहरातून येणाऱ्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे वाढलेले शेवाळ हे त्याचे एक कारण मानले जाते. २०१५ मध्ये खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत आले. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. येथेही क्रम तोच : शहराने आपल्या गरजेसाठी काही केले, पक्षी त्यात येऊन वसले आणि कायदा सर्वांत शेवटी आला.

मराठवाड्याच्या बाजूने पाहता

मराठवाड्यातील सर्वांत विस्तीर्ण संरक्षित क्षेत्रांपैकी एक, जायकवाडी पक्षी अभयारण्य, हेही पाण्याचेच अपत्य आहे. पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ मध्ये बसली, १९७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले, आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा नाथसागर परिसर अभयारण्य घोषित झाला. हिवाळ्यात तेथेही रोहित उतरतात. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी या जलाशयाने घेतल्या. ज्या पैठणच्या राजघराण्याशी निगडित पाण्याची पोढी कान्हेरीला आहे, त्या पैठणला एवढे पाणी आले, पण त्याभोवती तुळशी-विहारसारखे रान उभे राहिले नाही. जलाशय राखला गेला, पाणलोट नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे रान आहे, पैनगंगेचे अभयारण्य आहे. त्याची घडण निराळी असून तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. लातूर जिल्हा मात्र राज्यात वनक्षेत्र अत्यल्प असणाऱ्या जिल्ह्यांत मोडतो.

लातूरला पाणी देणारी मांजरा बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. त्याच तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे. ते तीस चौरस किलोमीटरहूनही लहान आहे. २०१६च्या टंचाईनंतर लातूरकरांनी लोकवर्गणीतून मांजरेचे पात्र खोल व रुंद केले. हे काम मोठे होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते पात्राचे काम होते. मुंबईने १८६० मध्ये पात्र अडविले आणि त्याबरोबर उतारही राखला.

तोच कित्ता धनेगावच्या वरच्या अंगाला गिरविता येईल काय? विहारचा पाणलोट लहान होता आणि तेथून उठविलेली माणसे सरकारपुढे बोलू शकत नव्हती. पाटोद्यापासून धनेगावपर्यंत, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील मांजरेच्या दोन्ही तीरांवर, नांदती गावे आणि शेती आहे. झाडी आणि गवत राखता येईल अशी सार्वजनिक जमीन तेथे मुख्यतः गायरानांच्या रूपाने उरली आहे. परंतु मराठवाड्यातील गायराने रिकामी नाहीत. भूमिहीन दलित कुटुंबांनी ती कसली, त्यासाठी मार खाल्ला, खटले सोसले. एकनाथ आवाड यांच्या नेतृत्वाखाली मानवी हक्क अभियानाने त्यासाठी दीर्घ लढा दिला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला, तरी सातबाऱ्यावर नाव लागले नाही अशी कुटुंबे गावोगाव आहेत. उद्या पाणलोटाच्या नावाने या जमिनी राखावयाच्या ठरल्या, तर गायरानधारकांपुढे बोरिवलीच्या पाड्यांपुढे आला तोच प्रश्न येईल : येथे आधी कोण होते, आणि त्याचा कागद कोठे आहे?